प्रसंग पाहून प्रकाशन

पुस्तक प्रकाशित होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मी दरवर्षी नववीच्या वर्गात विचारीत असे. मुले सांगत, "छापून व्हतं, सर." हे उत्तर अपुरे आहे. छापून झालेले पुस्तक हा केवळ कागदाचा गठ्ठा असतो. तो चकचकीत कागदात गुंडाळावा लागतो, कोणा वजनदार गृहस्थाने त्याची रिबीन सोडावी लागते, पुस्तक छातीशी आडवे धरून कॅमेऱ्याकडे बघावे लागते, आणि फोटोग्राफरने "साहेब, थोडं वर" असे म्हणावे लागते. एवढे झाले की पुस्तक प्रकाशित झाले. त्यापुढची पायरी, म्हणजे वाचन, आमच्या जुन्नर-आंबेगावात ऐच्छिक विषय समजली जाई.

मी आळ्याजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवीत होतो. नव्वदचे दशक संपत आले होते. त्या सुमारास मंचरच्या पेठेतील एका लग्नपत्रिका छापणाऱ्या व्यापाऱ्याने प्रकाशक होण्याचे ठरवले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. घरात ते मारवाडी बोलत, दुकानात मराठी. रागावले की मात्र शुद्ध मंचरचे होत. आमच्या शाळेचे निकालपत्रक आणि प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे छापल्या जात, त्यामुळे माझी त्यांची ओळख होती.

"सर, लगीनसराई संपली की मशीन बसून राहतं," ते मला म्हणाले. "आणि बसलेलं मशीन घरी बसलेल्या जावयासारखं असतं. कुणी काही बोलत नाय, पण सगळ्यांना दिसतं. त्याला चारा पाहिजे. तुम्ही पुस्तकं गोळा करा."

मी पुस्तके गोळा केली. एकूण सहा लेखक मिळाले: एका निवृत्त कीर्तनकाराची प्रवचने, द्राक्षबागेची निगा, पाककृती, बालनाटिका, एक रहस्यकथा आणि सहावे माझे स्वतःचे विनोदी लेख. संपादन, मुद्रितशोधन आणि लेखकांची समजूत काढणे ही कामे माझ्याकडे होती. मोबदला म्हणून माझे पुस्तक निघणार होते. मी त्याआधी पुस्तक लिहिलेले नव्हते, आणि पुढेही लिहिले नाही.

प्रकाशकांचा नियम एकच होता. पुस्तक सहा फर्म्यांचे, म्हणजे शहाण्णव पानांचे. एक पान जास्त नाही, एक पान कमी नाही. साहित्यप्रकार कोणताही असो, कागद सारखाच कापला जाणार होता. या शिस्तीचे परिणाम मी तपशिलाने सांगू शकतो, कारण ते मीच घडवून आणले. प्रवचने दुप्पट लांबीची होती, तेव्हा मोक्षाचे प्रकरण मी निम्मे केले. लेखकाची तक्रार आली नाही, आणि पुढे वाचकाचीही आली नाही. रहस्यकथेतील खुनी शेवटच्या पानावर कोणी न विचारता स्वतःहून पोलिस ठाण्यात जाऊन बसला, कारण त्याला शोधायला जागाच उरली नव्हती. पाककृती मात्र कमी पडल्या. मग मी मासवडी दोनदा दिली: एकदा नवशिक्यांसाठी आणि एकदा अनुभवी गृहिणींसाठी. दोहोंत फरक एवढाच की दुसरीत "मीठ चवीनुसार" असे म्हटले होते.

मुखपृष्ठेही एकसारखी होती. आदल्या मोसमातील पत्रिकांचा जाड कागद शिल्लक होता, त्यावर कडेने वेलबुट्टी छापलेली. त्यामुळे खून, द्राक्षे, मोक्ष आणि मासवडी ही सारी एकाच मंगल चौकटीत बसली.

पहिले प्रकाशन द्राक्षांच्या पुस्तकाचे. मंचरमध्ये एक सभागृह घेतले, शंभर खुर्च्या मांडल्या. समारंभास लेखक आले, लेखकाचे भाऊ आले, प्रकाशक आणि मी होतो. खुर्च्यांचा मालक खुर्च्या परत नेण्यासाठी आला होता, त्याला आम्ही पहिल्या रांगेत बसवले. प्रमुख पाहुणे आले नाहीत. ते एका साखरपुड्याला गेले होते.

या अपयशाचे प्रकाशकांनी जे विश्लेषण केले ते मी आजही उत्तम विश्लेषणाचा नमुना मानतो. "सर, पाहुणा कुठंय? लग्नात. गर्दी कुठंय? लग्नात. माईक, मांडव, फोटोग्राफर, सगळं लग्नात. मग पुस्तकानं एकट्यानं हॉलमधे बसून काय करायचं? पुस्तकानं तिकडं जायला पाहिजे."

परक्या वाचकासाठी येथे एक खुलासा आवश्यक आहे. आमच्या भागात लग्नात अक्षता पडण्यापूर्वी पुढाऱ्यांची शुभाशीर्वादपर भाषणे होतात, आणि नदीच्या घाटावर दशक्रिया विधीला प्रवचनानंतर श्रद्धांजलीची. मुहूर्त टळला तरी चालतो, आत्म्यास थोडे थांबावे लागले तरी चालते, पण माईक मोकळा राहून चालत नाही. प्रकाशकांनी हे ओळखले आणि प्रत्येक पुस्तकास साजेसा प्रसंग शोधण्यास सुरुवात केली.

बालनाटिका पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला निघाल्या. द्राक्षांचे पुस्तक दुसऱ्यांदा प्रकाशित झाले ते ऑक्टोबर छाटणीच्या वेळी, एका बागेत, कात्रीने रिबीन कापून. पाककृती तुळशीच्या लग्नानंतरच्या एका लग्नात निघाल्या. तेथे पाहुण्यांनी नवरीलाच लेखिका समजून तिचे अभिनंदन केले, आणि तिला नाही म्हणण्याचे धैर्य झाले नाही. रहस्यकथा एका उरुसात, तमाशाच्या तंबूत, गणाच्या आधी प्रकाशित झाली. पब्लिक ओरडत होते, "वग लावा, वग." निवेदकाने गर्दीला शांत करण्यासाठी कथेतील खुनी कोण ते सांगून टाकले. एकही प्रत विकली गेली नाही, पण कथा मात्र ऐकणाऱ्यांना आवडली.

राहिली दोन पुस्तके. प्रवचने दशक्रियेला आणि माझे विनोदी लेख जानेवारीत आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला, असे ठरले. माझ्या पुस्तकासाठी शाळेची निवड मी स्वतः आग्रहाने केली होती, आणि त्यास कारण होते.

माझे सासरे आंबेगावच्या पूर्वेकडील लोणीचे. जमीन चांगली, शब्दाला वजन. मात्र त्यांचे खरे क्षेत्र श्रद्धांजली हे होते. दोन्ही तालुक्यांत कोणाचीही दशक्रिया असो, सासरे पहिल्या रांगेत असत. पुढारी उशिरा येत. ते येईपर्यंत माईक गरम ठेवण्याचे काम सासऱ्यांकडे असे. "दोन मिन्टात सपवतो" या वाक्याने ते सुरुवात करीत. मयताविषयी बोलताना ते प्रथम स्वतःच्या बालपणाकडे वळत, तेथून जमिनीच्या वाटणीकडे, आणि मयताचा भाषणात प्रवेश होई तेव्हा लोक चपला शोधत असत. शिवाय एक आठवण ते न चुकता सांगत: एकदा नदीला पूर आला होता, त्यात ते बैलासकट वाहून चालले होते, आणि मयताने त्यांना ओढून काढले. दर वेळी पूर तोच आणि बैलही तोच. ओढून काढणारा मात्र त्या त्या दिवशी जो मयत असेल तो.

असे गृहस्थ घरात असताना विनोदी लेखकाने दुसरीकडे कोठे जावे? मी त्यांच्यावर लेख लिहिला. त्याचे मुद्रित माझ्या पत्नीने वाचले.

"ह्ये आबांवर हाय," ती म्हणाली.

"हा लेख व्यक्तीवर नाही. एका प्रवृत्तीवर आहे."

"प्रवृत्तीला आकडेबाज मिशा नसत्यात."

मी मिशा काढल्या. फेट्याच्या जागी टोपी घातली. गृहस्थांना लोणीहून उचलून भीमाशंकरच्या डोंगरात नेऊन ठेवले, जेथे पूर येण्याइतकी मोठी नदी नाही. एवढी खबरदारी कोणत्याही नामवंत लेखकाने घेतली असती असे मला वाटत नाही. पत्नीने तो सुधारलेला खर्डा वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"तुमी छापा. माझं काय म्हणणं न्हाई. पन आबांच्या कानावर ग्येलं तर मला माहेर ऱ्हायचं न्हाई. आबा बोलत्यात लई, पन एकदा का बोलायचं बंद क्येलं की कायमचं. थोरली आत्या एकदाच म्हणली व्हती, दादा जरा आवरतं घ्या. तिला पुन्हा घरात पाय ठिवू दिला न्हाई. यात्रेला माझ्या दारात मुराळी आला न्हाई तर मी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी न्यायला येणारा भाऊ. लोणीच्या यात्रेला दर चैत्रात माझा मेहुणा असा येत असे. ती जाई, आठवडाभर राही, आणि येताना निराळीच बाई होऊन येई. तिचा आवाज मोठा झालेला असे. मी या फरकाची नोंद घेतलेली होती.

लेख काढावा असे माझ्या मनात आले, हे मी नमूद करतो. पण तो काढला तर सहा पाने रिकामी राहत होती आणि शहाण्णवचा नियम मोडत होता. शिवाय तोच लेख सर्वांत बरा उतरला होता. मी तर्कशुद्ध विचार केला. सासरे वर्तमानपत्रातील निधनवार्तांपलीकडे काही वाचीत नाहीत. लोणीपासून माझी शाळा दूर. पुस्तक विद्यार्थ्यांत निघेल, विद्यार्थ्यांत विसरले जाईल. मी लेख ठेवला, आणि तो पुस्तकाच्या मधोमध ठेवला, कारण उत्तम मजकूर मध्यभागी असावा हे मी निबंधलेखनात शिकवीत आलो होतो.

आता चूक कशी झाली ते क्रमाने सांगतो.

डिसेंबरात बोरी बुद्रुकला एक वयोवृद्ध, माळकरी शेतकरी वारले. ते सासऱ्यांचे आतेभाऊ. दशक्रियेला मोठी गर्दी होणार होती, एक बडे पुढारी येणार होते. प्रवचनांच्या पुस्तकासाठी याहून योग्य जागा नव्हती. मयताच्या मुलाने आनंदाने परवानगी दिली. "वडलांच्या दहाव्याला पुस्तक म्हंजे चांगलंच की," तो म्हणाला.

प्रकाशकांच्या दुकानात पार्सलवर नाव लिहिण्याची पद्धत नव्हती. पत्रिकांच्या गठ्ठ्याला त्यांच्या मातोश्री चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावीत, आणि ज्याचे लग्न तो येऊन गठ्ठा नेई. समारंभाच्या प्रती सोनेरी कागदात गुंडाळणेही मातोश्रींकडेच होते. आदल्या दिवशी प्रवचनांचा एक आणि माझ्या पुस्तकाचा एक, असे दोन गठ्ठे त्यांनी एकदमच बांधले. प्रकाशकांनी त्यांना बजावले होते की दशक्रियेच्या गठ्ठ्याला कुंकू लावू नका, अशुभ दिसते. मातोश्रींनी यावर स्वतंत्र विचार केला. प्रवचनांच्या पुस्तकात देवाचे चित्र होते. देवाला कुंकवाशिवाय कसे पाठवायचे? त्यांनी त्या गठ्ठ्याला भरघोस हळदकुंकू लावले. दुसरा गठ्ठा नुसत्या थट्टामस्करीचा, त्याला कशाला? तो त्यांनी कोरा ठेवला.

सकाळी प्रकाशकांनी बिनकुंकवाचा गठ्ठा उचलला आणि ते बोरीला आले.

नातेसंबंधामुळे मी आणि पत्नी तेथे होतोच. कुकडीच्या घाटावर मांडव घातला होता. पत्नी बायकांत बसली, मी शिक्षकवर्गात. विधी आटोपले होते. कावळ्याने त्या दिवशी कोणालाही ताटकळत ठेवले नाही. ते काम पुढाऱ्यांनी केले. प्रवचन झाले, तरी गाडी दिसेना. सासऱ्यांनी माईक घेतला, दोन मिनिटांत संपवतो म्हणाले, आपल्या जन्मापासून सुरुवात केली आणि यथावकाश पुरापर्यंत पोहोचले. त्या दिवशी आतेभावाने त्यांना बैलासकट ओढून काढले.

तेवढ्यात प्रकाशक माझ्या कानाशी आले. "सर, साहेब दुसऱ्या दशक्रियेत अडकलेत. तिथली गर्दी मोठी आहे म्हणे. इथली पांगायला लागली. आबांच्याच हस्ते उरकू का?"

प्रवचनांचे पुस्तक, त्यात मोक्ष निम्मा. मला यात काहीच धोका दिसला नाही. उलट सासरे खूष होतील आणि मला त्याचा थोडा लाभ होईल, असे वाटले. मी म्हणालो, "अवश्य. त्यांना फार आवडेल."

तबक आले. सासऱ्यांनी रिबीन सोडली, सोनेरी कागद काढला. वेलबुट्टीची चौकट दिसली. ती सहाही पुस्तकांवर होती. फोटोग्राफर म्हणाला, "आबा, थोडं वर." फोटो निघाला. दुसरा कोणताही पाहुणा असता तर येथे पुस्तक तबकात ठेवून मोकळा झाला असता. पण सासरे कर्तव्यदक्ष वक्ते होते.

"पुस्तक नुसतं दावायचं नसतं, राव," ते माईकवर म्हणाले. "मयताच्या आत्म्याला त्यातलं दोन शबुद ऐकवावं लागत्यात." त्यांनी चष्मा लावला आणि पुस्तक उघडले. नवे पुस्तक मधोमध उघडते.

"'आमच्या भागातील मनुष्य मरणाला भीत नाही,'" सासरे सावकाश वाचू लागले.

"बराबर हाय," एक म्हातारबुवा म्हणाले. दोन-चार माना डोलल्या.

"'मेल्यानंतरच्या भाषणाला भितो.'"

ते वाक्य प्रवचनाचे नव्हे, हे माझ्या ध्यानात आले. मी उभा राहिलो. माझ्या शेजारचे गणिताचे शिक्षक म्हणाले, "बसा, चांगलं चाललंय." मी प्रकाशकांकडे पाहिले. ते तबकातील दुसऱ्या प्रतीचा कागद कोपऱ्यातून हळूच सोलून पाहत होते. त्यांनी तो पुन्हा चिकटवला.

"'एक गृहस्थ माईक हाती घेताच म्हणतात, दोन मिनिटांत संपवतो. ते मयताविषयी बोलू लागतात तेव्हा प्रथम स्वतः जन्म घेतात.'"

तरुण पोरांच्या बाजूने फिस्सकन हसू आले. मग मधून, मग पुढून. माणसे टॉवेल तोंडाला लावू लागली. मयताचा मुलगा, डोक्याचा गोटा केलेला, मान खाली घालून खांदे हलवीत होता. मागच्यांना वाटले त्याला हुंदका आवरत नाही, म्हणून एकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सासऱ्यांची भाषणे आजवर लोकांनी सहन केली होती. त्यांच्या तोंडच्या वाक्यांना लोक हसताहेत हा अनुभव त्यांना नवा होता, आणि तो आवडला असावा. त्यांनी आवाज चढवला, योग्य जागी थांबू लागले. खरे सांगायचे तर माझा लेख इतका चांगला मी स्वतःही कधी वाचला नव्हता.

"'या गृहस्थांना प्रत्येक मयताने पुरातून ओढून काढलेले आहे,'" त्यांनी वाचले, "'बैलासकट.'"

मांडवात हसणे एकदम थांबले. कोणाला हसू येत नव्हते असे नाही. पण ही गोष्ट सर्वांनी थोड्या वेळापूर्वीच ऐकली होती. सासरे पुस्तकाकडे पाहत राहिले. त्यांनी ते मिटले, मुखपृष्ठावरील नाव वाचले, चष्मा काढला आणि गर्दीत मला शोधले. मी उभाच होतो, त्यामुळे त्यांना फार शोधावे लागले नाही. बायकांच्या बाजूला माझ्या पत्नीने पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता.

"लेखक आमचं जावई हायती," सासरे माईकवर म्हणाले. त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मग म्हणाले, "बैलं दोन व्हती."

त्यांनी माईक खाली ठेवला. जेवणासाठी थांबले नाहीत. कोणाच्या तरी जीपमध्ये बसले आणि निघून गेले.

प्रकाशक लगबगीने माझ्याकडे आले. "सर, गर्दी बघितली ना? पुण्यात असं प्रकाशन होत नाय."

"माझे सासरे गेले," मी म्हणालो.

"सासरे जात नसतात, सर. रुसतात. लग्नपत्रिकेच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं. प्रत्येक पत्रिकेत कुणाचं तरी नाव राहतं, प्रत्येक लग्नात कुणीतरी रुसतं, आणि पुढच्या लग्नात तोच पंक्तीला वाढत असतो."

पत्नीला स्कूटरवर घेऊन मी आळ्याला परतलो. घरी आल्यावर तिने पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "झालं न्हवं प्रकाशन?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. जानेवारीत स्नेहसंमेलनात माझे पुस्तक पुन्हा निघावे असे मुख्याध्यापकांनी सुचवले, तेव्हा मी प्रकृतीचे कारण सांगितले. संक्रांतीला लोणीहून दरवर्षी तिळगूळ येई, तो आला नाही. पत्नीने शेजारणीचा तिळगूळ डब्यात ओतला आणि डबा फळीवर ठेवला. चैत्राला अवकाश होता, पण ती आतापासूनच रस्त्यावर मोटारसायकल वाजली की हातातले काम थांबवू लागली.

फेब्रुवारीत प्रकाशकांचा शाळेच्या फोनवर निरोप आला. सासरे मंचरला दुकानात आले होते आणि माझ्या पुस्तकाचा भला मोठा गठ्ठा घेऊन गेले होते. मी निष्कर्ष काढला की ते पुस्तके जाळणार.

"आबा कागुद जाळीत न्हाईत," पत्नी म्हणाली. "सरस्वती म्हणत्यात त्याला. दुसरं कायतरी करतील."

दुसरे काय केले ते मला आळेफाट्यावर समजले. मी तेथील एका हॉटेलात चहासाठी शिरलो. भट्टीपाशी एक धोतरवाले गृहस्थ माझे पुस्तक उघडे धरून किटलीच्या वाफेवर फिरवीत होते.

"भाऊ, हे काय चाललंय?" मी विचारले.

"पानं चिकाटल्यात, सर. मधली सहा. खळ लावलीया कुनीतरी, चांगली गव्हाच्या पिठाची."

"पुस्तक मिळालं कुठं?"

"परवा दहाव्याला. लोणीचं आबा वाटत्यात. म्हणले, जावयाचं पुस्तक हाय, घेऊन जावा. लई बोलले जावयावर. पन म्हणले, मधली पानं छापताना बिघडल्यात, ती उघडू नगा."

सारी योजना माझ्यापुढे स्पष्ट झाली. जावयाने पुस्तक लिहिले याचा त्यांना अभिमान होता, आणि त्या सहा पानांचा संताप. त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी पार पाडल्या होत्या. ते प्रत्येक दशक्रियेत माझ्या पुस्तकाचे नव्याने प्रकाशन करीत होते.

"बाकीची पानं वाचली का तुम्ही?" मी त्या गृहस्थांना विचारले.

"ती उघडीच हायती की," ते म्हणाले आणि किटलीकडे वळले.

दोन्ही तालुक्यांत त्या दिवसांत हेच चालले असावे. माझ्या पुस्तकात एकूण चौदा लेख होते. तेरा उघडे होते, ते कोणीही वाचले नाहीत. चौदावा लेख मात्र चहाच्या वाफेवर, इस्त्रीखाली, भाकरीच्या तव्याशेजारी धरून लोकांनी पानागणिक सोडवला आणि एकमेकांना वाचून दाखवला. वाचनाची आवड कशी निर्माण करावी यावर मी शिक्षकांच्या शिबिरांत अनेक भाषणे ऐकली आहेत. खळीचा उल्लेख एकातही नव्हता.

मी हे पत्नीला सांगितले. त्या दशक्रियेनंतर ती प्रथमच हसली, मग लगेच तिने हसू आवरले. "समद्या मुलखानं वाचलं म्हंजी आता आबा कधीच इसरायचे न्हाईत," ती म्हणाली. हे तिचे म्हणणे मला खोडता आले नाही.

चैत्र आला. यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी दारात मोटारसायकल थांबली. मेहुणा होता. पत्नीने भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि दारात गेली.

"ताई, चल. आबांनी पाठवलंय," मेहुणा म्हणाला.

"आबांनी का आईनं?"

"आबांनी. आई म्हणली, जा, तिला आन. तर आबा म्हणले, त्यात सांगायचं काय, दरसालचं हाय."

"आणि मी?" मी विचारले.

मेहुण्याने हेल्मेट दोन्ही हातांत फिरवले. "पावणं, तुमचं नाव काय निघालं न्हाई. पन नगं असंबी कोनी म्हणलं न्हाई."

मी घरीच राहिलो. तव्यावरची भाकरी करपली होती, ती खाल्ली. पत्नी आठवड्याने आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा मोठा झाला होता, आणि पिशवीत संक्रांतीचा राहिलेला तिळगूळही होता, थोडा दगड झालेला.

"आबा बोलले?" मी विचारले.

"माझ्याशी बोलले की. लई बोलले. तुमच्याशी न्हाई बोलणार म्हणले."

"कधीपर्यंत?"

"तुमी जिवंत हाय तवर." ती पिशवीतील कुरडया डब्यात भरीत होती. "तुमी आधी ग्येलात तर मग दोन शबुद बोलणार हायती. तयारी क्येलीया त्यांनी. आईला आयकवलं बी."

मी प्रकृती जपली. पुढच्या चैत्रात मेहुणा आला आणि म्हणाला, "दोघं बी चला." सासऱ्यांनी शब्द पाळला. ते ओसरीवर एका बाजेवर, मी समोरच्या बाजेवर, मध्ये मटणाची पातेली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, पण माझ्या ताटाकडे बारीक लक्ष ठेवले.

"ताई, पावण्यास्नी इचार, रस्सा वाढू का," ते लेकीला म्हणाले.

"यांना म्हणावं, पुरे," मी पत्नीला सांगितले.

"पावण्यास्नी सांग, पुरे म्हणायची आमच्यात पद्धत न्हाई."

असे बराच वेळ चालले. पत्नी पळी घेऊन दोन बाजांच्या मध्ये उभी होती आणि मराठीचे मराठीत भाषांतर करीत होती. शेवटी तिने पळी पातेल्यात ठेवली आणि कमरेवर हात ठेवला.

"आई," ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "मी माहेरी आलीया का शाळंत? मला जरा बसू द्या की."